सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी : विषयांची निवड आणि आठवड्याची आखणी

प्रथम वर्षाचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत विषय निवडण्याबाबतचे प्रश्न वाढतात. या वेळी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांची आणि एका पालकांची पत्रे एकत्र घेतली आहेत. हा विषय मी दीर्घ काळ शिकवला असल्यामुळे काही उत्तरे जरा विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी. प्रथम वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे तीन विषय घेतले होते. आता मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय ठरवायचे आहेत. मेजर सूक्ष्मजीवशास्त्रच घ्यायचे हे नक्की आहे. मायनरसाठी वर्गातल्या बहुतेक मुली वनस्पतिशास्त्र घेणार आहेत, कारण त्यात गुण चांगले पडतात आणि रसायनशास्त्रातली गणिते सुटत नाहीत. मॅडम, मी काय करावे?
– एक विद्यार्थिनी, सांगोला

उत्तर : रसायनशास्त्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि गुणांचा विचार केला तरी ते बदलत नाही. दुसऱ्या वर्षापासून सूक्ष्मजीवशास्त्राच्या नावाखाली जे शिकवले जाते, त्याचा फार मोठा भाग म्हणजे पेशीच्या आत चाललेले रसायनशास्त्रच असते. हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून तुम्हाला लवकरच करावी लागणारी एक चाचणी सांगते.

आतड्यातले जिवाणू ओळखण्यासाठी आपण चार चाचण्या एकत्र करतो. त्यांपैकी मिथाइल रेड ही घ्या. ग्लुकोज असलेल्या द्रवमाध्यमाच्या दोन नळ्या इन्क्युबेटरमधून, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीतून, बाहेर काढल्या आहेत. एकीत एशरिकिया कोलाय वाढला आहे, दुसरीत एंटरोबॅक्टर. दोन्ही नळ्या सारख्याच गढूळ दिसतात. मिथाइल रेडचे चार-पाच थेंब पडताच पहिली नळी लालभडक होते आणि दुसरी पिवळी राहते. ज्या मुलीने रसायनशास्त्र सोडलेले नाही तिला यामागचे कारण समजते: कोलाय ग्लुकोजपासून वेगवेगळी आम्ले तयार करतो आणि सामू (पीएच) साधारण ४.४ च्या खाली उतरवतो, तर एंटरोबॅक्टर तोच कार्बन ॲसिटोइनसारख्या आम्ल नसलेल्या पदार्थाकडे वळवतो, आणि म्हणूनच व्होजेस-प्रॉस्कॉर ही पुढची चाचणी त्याच्या नळीत होकारार्थी येते. जिने रसायनशास्त्र सोडले, ती कोलायसाठी चारही चाचण्यांचे निकाल 'अधिक, अधिक, उणे, उणे' असे पाठ करते आणि परीक्षेच्या दिवशी ते उलटे लिहून येते. असे उलटे लिहिलेले पेपर मी शेकड्याने तपासले आहेत, आणि त्या मुली अभ्यास न करणाऱ्या नव्हत्या.

पुढे पेनिसिलिन शिकाल तेव्हाही हाच अनुभव येईल. त्या रेणूतले चार अणूंचे कडे जिवाणूच्या भिंतीत जोडकाम करणाऱ्या विकराला कसे फसवते आणि काही जिवाणू तेच कडे तोडून औषध निकामी कसे करतात, हे कागदावर रचना काढता आली तरच नीट कळते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू हा आज रुग्णालयांपुढचा गंभीर प्रश्न आहे, आणि तो समजून घेण्याची सुरुवात त्या कड्यापासून होते.

पदव्युत्तर प्रवेशाचाही विचार करा. आयआयटींमध्ये एम.एस्सी.साठी घेतल्या जाणाऱ्या जॅम परीक्षेतील जैवतंत्रज्ञानाच्या पेपरात जीवशास्त्राबरोबर रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांवरही प्रश्न असतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठीच्या गॅट-बी परीक्षेच्या पहिल्या भागातही हेच चार विषय येतात. राज्याच्या नव्या पदवी आराखड्यात मायनर विषयाला एकूण १८ ते २० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजले जाणारे श्रेयांक) असतात. एवढे तास तुम्ही ज्या विषयाला द्याल, त्याची सोबत पदवीनंतरही राहणार आहे.

वनस्पतिशास्त्र घेण्याला एक खरे कारण असू शकते, आणि ते गुणांचे नाही. पिकांचे रोग, मातीतले जिवाणू, रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टरची जिवाणू खते अशा कामाकडे तुमचा खरोखर ओढा असेल आणि पुढे कृषी सूक्ष्मजीवशास्त्रात जायचे मनात असेल, तर तो मायनर शोभून दिसेल. तुमच्या पत्रात तसे काही लिहिलेले नाही.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, मात्र आपल्या राज्यात मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. तिथे वाणिज्य शाखेकडून सांख्यिकीची ओळख करून देणारा एखादा कोर्स मिळत असेल तर तो सोडू नका. कौशल्य विकासाच्या कोर्समध्ये संगणकावर आकडेवारी मांडण्याचा पर्याय असेल तर तोही चांगला. ही क्रेडिट थोडी असली तरी तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात त्यांचा उपयोग होतो.

प्रश्न : मी रोज गावाहून एस.टी.ने चोपड्याला ये-जा करतो. आमची प्रात्यक्षिके लागोपाठच्या दिवशी असतात. पहिल्या दिवशी जिवाणू वाढायला ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी फक्त निरीक्षण करायचे असते. दुसऱ्या दिवशी मला शेतात काम असते. मित्राच्या जर्नलवरून निरीक्षणे उतरवून घेतली तर चालेल का?
– एक विद्यार्थी, चोपडा तालुका

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, पण निरीक्षण हा प्रयोगाचा 'फक्त' म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही. आपल्या विषयात प्रयोगाचे वेळापत्रक महाविद्यालय ठरवत नाही, जिवाणू ठरवतात. बहुतेक नेहमीचे जिवाणू ३७ अंश सेल्सियसला १८ ते २४ तासांत पाहण्याजोगे होतात. तेवढ्यात पाहिले तर ते खरे रूप दाखवतात, नंतर दाखवतीलच असे नाही.

जिवाणूंचे दोन मोठे गट रंगावरून वेगळे ओळखण्याची पद्धत म्हणजे ग्रॅम रंजन, तिचे उदाहरण घ्या. हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी १८८४ साली मांडलेली ही पद्धत आजही आपण काचपट्टीवर जवळपास तशीच करतो: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोलने धुणे आणि शेवटी सॅफ्रानिन. ताज्या वाढीतील बॅसिलस जांभळा, म्हणजे ग्रॅम-धन, दिसतो. तीच प्लेट तीन-चार दिवस तशीच राहिली आणि मग त्यातून काचपट्टी केली, तर भिंती दुबळ्या झालेल्या अनेक पेशी अल्कोहोलने धुताना जांभळा रंग सोडतात आणि गुलाबी दिसू लागतात. ग्रॅम-धन जिवाणू अशा रीतीने ग्रॅम-ऋण म्हणून जर्नलमध्ये नोंदला जातो. तुम्ही मित्राचे जर्नल उतरवाल तेव्हा उत्तर बरोबर येईल, पण गुलाबी पेशी प्रथम पाहण्याची वेळ वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेत येईल आणि तिथे मित्र शेजारी नसेल.

माझ्या दुसऱ्या वर्षात मी शुक्रवारी दुपारी लघवीच्या नमुन्यातून प्लेटवर रेघा ओढल्या आणि शनिवारी सुट्टी म्हणून घरी गेले. सोमवारी झाकण उघडले तर एकही सुटी वसाहत (जिवाणूंच्या वाढीचा वेगळा ठिपका) शिल्लक नव्हती. नमुन्यात प्रोटियस होता. तो माध्यमावर लाटांसारखा पसरतो, एकात एक गुंतलेली वलये तयार होतात आणि बाकीचे सगळे त्याखाली झाकले जाते. शनिवारी सकाळी आले असते तर वेगळ्या वसाहती उचलता आल्या असत्या. त्या प्लेटचा वास अजून आठवतो. तेव्हापासून मी शुक्रवारी प्लेट कधी लावली नाही आणि विद्यार्थ्यांनाही लावू दिली नाही.

आता तुमच्या आठवड्याबद्दल. प्रात्यक्षिकांचे गट पाडताना वर्गशिक्षकांना आधीच भेटून आपली अडचण सांगा आणि सोमवार-मंगळवार किंवा मंगळवार-बुधवार अशी जोडी मागून घ्या. एखाद्या दुसऱ्या दिवशी येणे अगदीच अशक्य असेल, तर जोडीदाराला २४ तासांनी प्लेट ४ अंशाच्या शीतकपाटात ठेवायला सांगा. वाढ जवळपास थांबते आणि एक-दोन दिवसांनी वसाहतींचा आकार, रंग, कडा पाहता येतात. ग्रॅम रंजनासाठी मात्र तिच्यातून ताजे संवर्धन करून घ्या. गुरुवार-शुक्रवारचा वेळ माध्यमे तयार करणे, निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह लावणे आणि गणिते सोडवणे यांसाठी ठेवा. बुरशीच्या प्लेट अपवाद आहेत. त्यांना खोलीच्या तापमानाला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे त्या शुक्रवारी लावल्या तरी सोमवार-मंगळवारी हाती येतात. शेतातल्या मातीतून ॲझोटोबॅक्टर वेगळा करण्यासारखा प्रकल्प घेणार असाल, आणि तुम्हाला तो घरच्या मातीवर करता येईल, तर त्याची सुरुवात सत्राच्या पहिल्या पंधरवड्यातच करा. पहिली वाढ, मग शुद्ध करण्यासाठी दोन-तीन वेळा पुन्हा रेघा, मग चाचण्या, असे प्रत्येक पायरीला काही दिवस जातात आणि दिवाळीची सुट्टी नेमकी मध्ये येते.

प्रश्न : माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या सत्रात आहे. तीन वर्षांनी पदवी मिळते, चार वर्षांनी ऑनर्स मिळते असे सांगतात. चौथ्या वर्षाचा खर्च करावा का? दोन वर्षांनी थांबता येते असेही ऐकले.
– एक पालक, नांदेड

उत्तर : नव्या आराखड्यात, जो राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला, पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी अशी रचना आहे. दर सत्राला साधारण २२ क्रेडिट धरली तर तीन वर्षांची १३२ आणि चार वर्षांची १७६ होतात. दोन वर्षांनी बाहेर पडण्याची सोय ही घरच्या अडचणीत शिक्षण वाया जाऊ नये म्हणून आहे. ती योजना म्हणून आधीपासून मनात धरू नये असे मी आपल्याला आग्रहाने सांगते, कारण रोगप्रतिकारशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र आणि किण्वन तंत्रज्ञान हे ज्यांच्यावर नोकऱ्या अवलंबून आहेत असे विषय बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षात येतात.

तीन की चार, हे मुलीला पुढे काय करायचे आहे त्यावर ठरवा. औषध कंपनीत किंवा अन्नप्रक्रिया उद्योगात गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करायचे असेल, तर तीन वर्षांची पदवी आणि नंतर दोन वर्षांची एम.एस्सी. हा जुना मार्ग अजूनही पक्का आहे. चार वर्षे केली तर एम.एस्सी. एका वर्षात होते, म्हणजे एकूण वर्षे पाचच. फरक इतकाच की चौथे वर्ष सहसा पदवीच्याच महाविद्यालयात जाते. त्या महाविद्यालयात चौथ्या वर्षाला शिकवणारे पुरेसे प्राध्यापक आणि चालू स्थितीतील उपकरणे आहेत का, हे आपण स्वतः जाऊन पाहावे. डीएनएच्या प्रती तयार करणारे पीसीआर यंत्र कपाटात बंद असेल तर चौथ्या वर्षाचा लाभ होणार नाही. संशोधनाकडे कल असेल आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील, तर संशोधनासह ऑनर्सचा मार्ग खुला होतो आणि तो पीएच.डी.साठी उपयोगी आहे.

पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करायचे असेल तर मात्र नुसती सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी पुरत नाही, तिथे डीएमएलटीसारखी वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पात्रता विचारतात. हे अनेक पालकांना पदवी हाती आल्यावर कळते, म्हणून आत्ताच लिहिले.

प्रश्न : माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. गणितही दहावीनंतर सोडले. आता इंग्रजी संज्ञा लक्षात राहत नाहीत आणि जिवाणू मोजण्याच्या गणितात चुका होतात. विषय बदलावा का?
– एक विद्यार्थिनी, मुरूड

उत्तर : विषय बदलू नका. संज्ञा परक्या वाटतात, पण त्यांचे तुकडे थोडेच आहेत आणि ते पुन्हा पुन्हा येतात. 'स्टॅफिलो' म्हणजे द्राक्षांचा घड, 'स्ट्रेप्टो' म्हणजे पिळलेली साखळी, 'कॉकस' म्हणजे दाणा, 'बॅसिलस' म्हणजे बारीक काठी, 'लायसिस' म्हणजे फुटणे, 'फेज' म्हणजे खाणारा. जर्नलच्या शेवटच्या पानांवर असे तुकडे आणि त्यांचे मराठी अर्थ लिहीत जा. प्रयोगाचे तत्त्व आधी मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मग इंग्रजीत करा. ज्या ओळीचे मराठी होत नाही, ती ओळ समजलेली नाही हे लगेच दिसते.

गणित लागते ते फार नाही, पण चुकले तर दहापटीने चुकते. दह्याचा नमुना टप्प्याटप्प्याने दहा लाख पट पातळ केला, त्यातले ०.१ मिलीलिटर प्लेटवर पसरले आणि ८४ वसाहती मोजल्या. मोजणीस योग्य प्लेट ३० ते ३०० वसाहतींची मानतात, तेव्हा ही प्लेट चांगली. आता ८४ ला दहा लाखांनी गुणायचे, आणि पसरलेला द्रव मिलीलिटरचा दहावा भाग होता म्हणून पुन्हा दहाने. उत्तर दर मिलीलिटरला ८४ कोटी. मुले हमखास विसरतात तो हा शेवटचा दहा, आणि मग उत्तर ८ कोटी ४० लाख येते. प्रत्येक वेळी 'किती पट पातळ केले' आणि 'किती द्रव पसरला' हे दोन आकडे प्लेटच्या तळावर मार्करने लिहा, झाकणावर नको, कारण झाकणे अदलाबदल होतात.

दुसरे लागते ते लॉगॅरिथम. अनुकूल परिस्थितीत कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. सात तासांत २१ वेळा दुप्पट झाला तर एका पेशीच्या २० लाख ९७ हजार १५२ पेशी होतात. पिढ्या काढताना शेवटच्या आणि सुरुवातीच्या संख्येच्या लॉगमधला फरक ०.३०१ ने भागायचा. पेशी एक हजाराच्या एक कोटी झाल्या तर लॉगमधला फरक चार, आणि पिढ्या १३.३. हे एवढे महिनाभर रोज दोन उदाहरणे सोडवून बसते. दहावीचे घातांक येत असतील तर पाया तयारच आहे.

प्रश्न : आम्हाला १२० तासांचे ऑन जॉब ट्रेनिंग करायचे आहे. कंपन्या तालुक्यात नाहीत. कुठे जावे आणि त्यासाठी आधी कोणते कोर्स झालेले असावेत?
– तिसऱ्या वर्षाचे काही विद्यार्थी, फलटण परिसर

उत्तर : तुमच्या परिसरात कंपन्या नसल्या तरी सूक्ष्मजीवांचे काम भरपूर चालते. दूध संघाच्या प्रयोगशाळेत आधी विचारा. तिथे दुधात मिथिलीन ब्लूचे द्रावण घालून नळ्या ३७ अंशाला ठेवतात आणि निळा रंग किती वेळात जातो ते पाहतात. जिवाणू जितके जास्त तितका रंग लवकर नाहीसा होतो. चांगल्या दुधाच्या नळ्या कित्येक तास निळ्या राहतात, तर अर्ध्या तासात पांढरी पडलेली नळी म्हणजे अगदी खराब दूध. पहाटे आलेल्या कॅनच्या क्रमांकासह ही नोंद आठवडाभर स्वतः ठेवली, तर कोणत्या मार्गावरचे दूध उशिरा थंड होते याचा अंदाज तुम्हाला येऊ लागेल. असे शिक्षण वर्गात देता येत नाही.

दुसरी जागा पाणी तपासणीची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत आणि नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तपासणी होते. पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू शोधण्याच्या कोलिफॉर्म चाचणीत लॅक्टोजच्या नळीत उलटी ठेवलेली लहान डरहॅम नळी वायूने वर उचललेली दिसली की पुढच्या पायऱ्या सुरू होतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर कामाचा दिवस अपुरा पडेल इतके नमुने येतात. साखर कारखान्याला जोडलेली डिस्टिलरी ही तिसरी जागा. मळीवर यीस्टचे किण्वन प्रत्यक्ष मोठ्या टाकीत पाहायला मिळते.

आधी काय झालेले असावे हे जागेवर ठरते. दूध आणि पाण्यासाठी निर्जंतुकीकरण, रंजन आणि वसाहती मोजणे पक्के हवे, बाकी तिथे शिकता येते. डिस्टिलरीसाठी विकरे आणि चयापचय हा भाग झालेला असावा, नाहीतर टाकीचे तापमान का जपतात हे कळणार नाही. जाण्यापूर्वी महाविद्यालयाचे पत्र, तासांची नोंदवही आणि तिथल्या प्रमुखांची रोजची सही या तीन गोष्टींची सोय करा. क्रेडिट नोंदवताना सही नसलेले दिवस धरले जात नाहीत, आणि सत्र संपल्यावर त्या सह्या मिळवायला पुन्हा पुन्हा हेलपाटे घालणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.